पिवळ्या मातीची चव

३ मार्च

वहिनी,

माझं अक्षर ओळखून पाकीट न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता ऑफिसात टाइप करून घेतला. चिडू नकोस. फोडलंच आहेस तर वाच. झालं गेलं विसरून जा, असलं काही मी सांगणार नाही.

सध्या मी घरी राहतेय, बाबांकडे. आमच्या प्रयोगशाळेचं काम याच डोंगरपट्ट्यात निघालं. साहेबलोकांना वाटलं, हिला इथल्या गल्ल्या पाठ आहेत, हिलाच पाठवा. काम तसं साधंच आहे. घरोघर जायचं, परसातली माती घ्यायची, फळीवरची धूळ पुसून घ्यायची, चार प्रश्न विचारायचे.

बाबा ठणठणीत आहेत. अजून गवंडीकामाला जातात, परांचीवर चढतात. अजून घरामागच्या दरडीतून पिवळी माती काढतात, वाळवतात, चाळतात आणि कालवण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघतात. जिभेला चिकटली तर भिंतीला चिकटेल, हे त्यांचं शास्त्र तुला माहीतच आहे. जाताना तू त्यांना म्हणाली होतीस, "तुमच्या भिंती तुम्हीच चाटत बसा." ते वाक्य इथे कुणी उच्चारत नाही. पण विसरलंही कुणी नाही.

तुमच्या खालच्या खोलीत आता एक शिवणकाम करणारी बाई भाड्याने राहते. नवरा ट्रकवर असतो, आठवड्यातून एकदा उगवतो. तिला सहावा महिना लागलाय. मशीन दिवसभर चालू असतं. बाबा तक्रार करतात, आणि बंद पडलं की काय झालं म्हणून खाली डोकावतात.

आता मुद्द्याचं. आमच्या प्रश्नांत एक प्रश्न बायकांसाठी आहे. परक्यांना विचारण्याआधी घरच्यांवर घासून बघावा म्हणून तुला विचारते. ढब्बूच्या वेळी तुला डोहाळे कसले लागले होते? मला आंबट, तिखट काहीच आठवत नाही. तेव्हा मी शिकायला बाहेर होते.

सहज विचारतेय. दादाला हे पत्र दाखवलंस तरी हरकत नाही.

तुझी नणंद

१९ मार्च

वहिनी,

उत्तर येईल अशी आशा नव्हती, तरी पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी खिडकीशी जातेच. दोन आठवडे असंच चाललंय. बसते, उठते, पुन्हा बसते. बाबा म्हणाले, "तुझ्या बुडाखाली काय निखारे ठेवलेत का?"

मागच्या पत्रात काम साधं आहे असं लिहिलं. ते खरं नव्हतं.

इथल्या डोंगराच्या दगडात आर्सेनिक आहे, आपल्या जुन्या माणसांचा सोमल. कुणी कारखान्यातून सोडलेला नाही, कुणी टाकलेला नाही. दगड मुळात तसाच, तो झिजून माती झाली, आणि त्या मातीवर आपण घरं बांधून राहिलो. मातीत किती आहे हे काढणं सोपं असतं. माणसात किती उतरलंय, हे मात्र माणसापाशी जाऊनच बघावं लागतं. म्हणून आम्ही लघवी मागतो, पायाची नखं मागतो. लघवीतून गेल्या दोन-तीन दिवसांतलं कळतं, नखांतून गेल्या काही महिन्यांतलं. लोक हसतात, पण देतात. एका बाईने विचारलं, "नवरा घोरत असताना त्याची कापून आणली तर चालतील का? जागेपणी तो देणार नाही." मी म्हटलं, त्यांची परवानगी लागते. ती म्हणाली, "मग राहू दे, परवानगी तर तो मीठ द्यायलाही देत नाही."

घरं आम्ही चिठ्ठ्या टाकून निवडली. त्यात आपलं घर निघालं. मी तडक आमच्या मोठ्या बाईंना सांगितलं की हे माझ्या वडिलांचं घर आहे. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही त्या घराच्या नमुन्यांना हात लावायचा नाही. दुसरं कुणी घेईल. तुम्ही मुलगी म्हणून बाहेर उभ्या राहा." हे त्या म्हणाल्या तितकं सोपं नाही.

बाबांना विचारलं तेव्हा ते परसात माती चाळत होते. चाळणी थांबली नाही.

"कुणी पाठवलं तुला?"

"सरकारने."

"का तिने?"

ती म्हणजे तू. पाच वर्षांनीही त्यांना तुझं नाव घ्यावं लागत नाही.

"तिला माहीतही नाही, बाबा."

"ह्याच घरात तुम्ही दोघं वाढलात. तुझी आई ह्याच घरात राहिली. कुणाला काय झालं? एका पोराला खोकला झाला तर घराला नावं ठेवून निघून गेले."

मी वाद घातला नाही. मला त्यांचे तळहात दिसत होते. पहिल्या पत्रात ठणठणीत लिहिलं तेही खरं नव्हतं, वहिनी. तळहातांवर मोहरीएवढे कडक दाणे उठलेत, दोन्ही हातांवर. ते म्हणतात, थापी धरून धरून घट्टे पडलेत. पण तसेच दाणे तळपायांवरही आहेत, आणि थापी कुणी पायाने धरत नाही. बोटांना मुंग्या येतात. शर्टाची बटणं लावायला त्यांना वेळ लागतो, आणि मी बघतेय हे कळलं की पाठ फिरवतात.

त्यांनी नमुना दिला तो कसा, ते ऐक. शिवणवालीने आधी दिला. तिची बाटली ओट्यावर बघून बाबा भडकले. "भाडेकरणीची घेतलीत आणि मालकाची नको होय?" आणि तणतणत आत गेले. आमच्या सहकाऱ्याने तोंड फिरवून हसू दाबलं. मला हसू आलं नाही.

डोहाळ्यांचा प्रश्न अजून तसाच आहे.

हे पत्र दादाला दाखवू नकोस. बाबांच्या हातांचं त्याला मीच सांगेन, नीट कळल्यावर.

८ एप्रिल

वहिनी,

शाळेच्या एका रिकाम्या वर्गात आमचं सामान लावलंय, तिथे बसून लिहितेय. समोर एका उबदार पेटीत बाटल्या गरागरा फिरताहेत. आम्ही त्याला खोटं पोट म्हणतो. पोटात असतं तसं आम्ल, तशीच ऊब, आणि त्यात घरोघरची माती. माती पोटात गेली तर तिच्यातला सोमल सुटतो की मातीतच अडकून बाहेर पडतो, ते त्यातून कळतं. बाबा एकदा बघायला आले होते. बराच वेळ बघून म्हणाले, "ह्याला भूक लागते का?" मी म्हटलं, नाही. "मग कसलं पोट," म्हणाले आणि गेले.

आकडे आलेत. बाहेर कुणाला सांगायची मुभा अजून नाही, पण ज्याचे त्याला सांगितलेत. बाबांनी आपले तुला कळवायला मान हलवली. तोंडाने हो म्हणाले नाहीत, पण मान हलवली.

पाणी स्वच्छ आहे. बागेतल्या काळ्या मातीत सोमल भरपूर आहे, पण पोटात गेला तरी तो फारसा सुटत नाही. भाजीत जवळजवळ उतरत नाही, चिकटलेली माती धुतली की झालं. मला इतकं हलकं वाटलं की मी वर्गातल्या लहान बाकावर जाऊन बसले आणि बसतानाच तो मोडला.

मग पिवळ्या मातीच्या बाटलीचा आकडा वाचला. तिच्यातला निम्म्याहून जास्त सुटतो. बारीक, मऊ, चांगली चाळलेली माती. जितकी बारीक तितकी वाईट.

सगळ्या घरांत बाबांचा आकडा सर्वांत वर आहे. ते मला समजण्यासारखं होतं. चाळतानाची धूळ आणि ती जीभ, आयुष्यभर, रोज. पण लघवीत त्यांच्या खालोखाल शिवणवालीचा आकडा आहे. ती मातीला हात लावत नाही. दिवसभर कापड शिवते, हात स्वच्छ लागतात तिला. मोठ्या बाई म्हणाल्या, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल, पुन्हा घ्या. पुन्हा घेतली. पुन्हा तेच.

मी तिला विचारायला गेले. मोठ्या बाईंनी परवानगी दिली, कारण नमुना मी घेतलेला नव्हता.

"तुम्ही माती खाता का हो कधी? पुष्कळ बायकांना इच्छा होते."

"छे, काहीतरीच."

"थोडीशी? चवीपुरती?"

"मी काय लहान पोर आहे का?"

मी निघालेच होते. तिने कापड कापायला मशीन जरा पुढे ओढलं, आणि मागची भिंत दिसली. खुर्चीत बसल्यावर हात सहज पोचेल तिथे भिंतीत एक खळगा होता. वाटीएवढा. पोपडे निघून भिंत फुटते तसा नव्हता तो. नखांनी हळूहळू कोरलेला, कडा गुळगुळीत. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे.

"बाबांना सांगू नका," ती म्हणाली. "भिंत खराब केली म्हणतील. मी भरून देते."

तिला वाटलं मी भिंतीसाठी आलेय. खाली बसून तिला सगळं समजावलं. ती रडली नाही. फक्त विचारलं, "जे गेलं ते गेलं का बाळाकडे?" मी म्हटलं, काही गेलं असेल. आजपासून थांबवलंत तर तुमच्या अंगातून लवकर निघून जाईल. ती म्हणाली, "थांबवते. पण वास येतो हो. फरशी पुसली की त्या भिंतीचा वास येतो आणि तोंडाला पाणी सुटतं." मी तिला गल्लीच्या टोकाला तिच्या आतेबहिणीकडे नेऊन सोडलं. त्या घराच्या भिंती सिमेंटच्या आहेत. मशीन दुपारी हातगाडीवरून गेलं.

तेव्हापासून खाली आवाज नाही. बाबा दोनदा डोकावून आले.

२१ एप्रिल

वहिनी,

हे फक्त तुझ्यासाठी आहे. दादा घरात असेल तर नंतर वाच.

शिवणवाली का गेली, हे बाबांना सांगावंच लागलं. तिने स्वतःच मला सांगितलं की सांगा, मला खोटं बोलायचा कंटाळा आला. मी त्यांना खाली नेलं आणि खळगा दाखवला. मला वाटलं चिडतील. ते गुडघ्यावर बसले, खळग्यात बोटं फिरवली, आणि अगदी सहज म्हणाले,

"भिंत कशाला खायची? मागितली असती तर चाळून दिली असती. तुझ्या वहिनीला द्यायचो तशी."

मी विचारलं, "वहिनीला?"

"तिला लाज वाटायची. एकदा परसात खाताना मी बघितलं. मग मीच चांगला लगदा बाजूला काढायचो, चुलीवर भाजायचो, जंतू नकोत म्हणून, आणि वाटीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचो. ती वाटी धुऊन पालथी ठेवायची. बोललो नाही आम्ही कधी त्याबद्दल." मग म्हणाले, "सुनेशी काय बोलावं ते मला सुचायचं नाही. तेवढं जमायचं."

वहिनी, मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. तू त्यांच्याशी किती तुटक वागलीस, काय बोललीस, सगळं बाजूला ठेवून त्यांना ती वाटी आठवत होती.

मीच सांगितलं. दुसरं कोण सांगणार? उभ्या उभ्या सांगितलं की भाजून सोमल जात नाही. चाळल्याने माती आणखी वाईट होते. पोटात असताना आईकडून बाळाकडे जातो, बाळाचं वजन कमी भरतं, छातीचे आजार मागे लागतात. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, "ढब्बूला खोकला होता." मी हो म्हटलं. "काडीसारखा होता. मी गंमत म्हणून ढब्बू म्हणायचो." मी हो म्हटलं. ते उठले. एका हाताने भिंत धरून उठले, आणि तो हात पटकन काढून घेतला.

त्यानंतर ते जेवायला आले नाहीत. दुसऱ्या दिवशी आले, पण अर्ध्या भाकरीवर उठले.

मी तेव्हापासून एकाच गोष्टीपाशी अडकलेय. जाताना तू म्हणालीस, तुमच्या भिंती तुम्हीच चाटत बसा. आम्हाला वाटलं तू त्यांच्या जिभेवर बोललीस. दादालाही तसंच वाटलं असणार. आता वाटतं, तू स्वतःबद्दल बोलत होतीस. ढब्बूचा खोकला घरातल्या धुळीमुळे आहे असं डॉक्टर म्हणाले तेव्हाच तुला शंका आली होती, हो ना? आणि पाच वर्षं तू ती एकटीने सांभाळली आहेस. म्हणून घरचा फोन घेत नाहीस. म्हणून मी पहिल्या पत्रात डोहाळ्यांचं विचारल्यावर उत्तर आलं नाही.

चुकत असेन तर शिव्या दे. पण काहीतरी लिही. मी इथे एका जागी बसू शकत नाही. नमुन्यांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते आणि पुन्हा काढून बघते, बरोबर लिहिलंय ना.

१४ मे

वहिनी,

तुझं कार्ड मिळालं. "हो. रोज. तुझ्या दादाला माहीत नाही. माझ्यामुळे झालं का?"

एवढ्याशा ओळींसाठी तू किती कार्डं फाडली असशील ते मला कळतं.

तुला हवं ते उत्तर माझ्याकडे नाही. खोटं लिहिणं सोपं होतं, दोन दिवस तोच विचार करत होते. नाही, तुझ्यामुळे नाही, असं लिहून टाकावं आणि पाकीट चिकटवावं. पण तू ते ओळखलं असतंस. तू माझ्याइतकीच चिकित्सक आहेस, फक्त तुला त्याचा पगार मिळत नाही.

तर जे ठाऊक आहे ते असं. शरीर सोमल सांभाळून ठेवत नाही. लघवीतून काही दिवसांत निघून जातो, नखं आणि केस वाढतात, कापले जातात, वर्षभरात नवे येतात. ढब्बूची किंवा तुझी नखं आज तपासली तर तिथल्या मातीचं कळेल, इथल्या नाही. तेव्हा किती होतं हे आता कुणालाच काढता येणार नाही. तो कमी वजनाचा जन्मला, त्यात मातीचा हात असू शकतो. नसूही शकतो. आणि नंतरची दोन वर्षं त्याने जमिनीवर रांगत त्याच घरातली धूळ गिळली, ती तू दिली नव्हतीस. तुझी वाटी आणि घरातली धूळ वेगळी करून दाखवणारी बाटली माझ्याकडे नाही. कुणाकडेच नाही.

पण एक गोष्ट नक्की. तुम्ही त्याला दोन वर्षांचा असताना इथून बाहेर काढलंत. डॉक्टरने नुसती धूळ म्हटलं होतं, सोमलाचं कुणाच्या मनातही नव्हतं, आणि तू हट्ट धरून त्याला नेलंस. बाबा त्याला पळून जाणं म्हणायचे. मीही मनातून म्हणायचे. आज मी त्या घरोघरच्या बायकांना नेमकं तेच करायला सांगतेय.

तो आता पोहतो असं दादाने मागे लिहिलं होतं. फुफ्फुसं चालताहेत म्हणजे.

बाबांना तालुक्याच्या दवाखान्यात दाखवलं. दाणे जाणार नाहीत बहुतेक, पण वाढायचे थांबतील, मुंग्या कमी होतील, मातीपासून लांब राहिले तर. कार्डाचं त्यांना सांगितलं नाही. पण पोस्टमनने ते त्यांच्याच हातात दिलं होतं, आणि कार्डाला पाकीट नसतं.

२ जून

वहिनी,

बाबांनी कार्ड वाचलं होतं. ते स्वतःच म्हणाले.

गेले दोन आठवडे ते काय करताहेत ते आधी लिहिते. दरडीसमोर त्यांनी फळ्या ठोकल्या, स्वतः, तोंडाला फडकं बांधून. चाळणी देऊन टाकली नाही, मोडून टाकली, कारण दुसऱ्याने वापरली असती. मग एके सकाळी स्वच्छ शर्ट घालून दारात उभे राहिले आणि मला म्हणाले, "चल. माती मी दिलेली घरं तुला माहीत नाहीत."

वहिनी, तू एकटी नव्हतीस. आपल्या गल्लीतल्या, खालच्या आळीतल्या, कितीतरी गरोदर बायका त्यांच्याकडून पिवळी माती नेत, आणि काहींची सवय बाळंतपणानंतरही सुटलेली नव्हती. गवंड्याची माती स्वच्छ, असा लौकिक होता. माझ्या यादीत आकडा वर आलेली घरं होती, पण कारण सापडत नव्हतं. बाबांना प्रत्येकीचं तोंड आठवत होतं. दारात उभे राहून ते आधी बोलत, मला बोलू देत नसत. "ती माती मी दिली होती. ती वाईट होती. मला माहीत नव्हतं. आता ही काय सांगते ते ऐका." बहुतेकींनी बसायला दिलं. एका बाईने दार लावलं. ते बंद दारासमोर थोडा वेळ उभे राहिले आणि तेच पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने.

शिवणवालीचा आकडा उतरलाय, आता इतरांसारखाच आहे. तिने बाबांसाठी एक शर्ट शिवला, पुढे नुसते दाबले की बसणारे चाप लावलेला. बटणं नाहीत. त्यांच्या बोटांचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

हे घर ते सोडताहेत. भिंतींना वरून चुना आणि सिमेंट करून घ्या असं मी सुचवलं, ते म्हणाले, करून घेऊ, पण मी आत राहणार नाही. शाळेजवळ दोन खोल्या बघितल्यात. आईचा फोटो सोडून काही हलवलेलं नाही.

आणि काल दुपारी, मी बाटल्या खोक्यात भरत असताना, ते येऊन बाकावर बसले.

"तिने त्याला सांगितलेलं नाही," ते म्हणाले.

"नाही."

"तो रागावेल तिच्यावर?"

"माहीत नाही, बाबा. दादा आता कसा आहे, मला तरी कुठे माहीत आहे?"

"वाटी मी ठेवायचो. ती मागत नव्हती. रागवायचंच तर माझ्यावर रागवावं." एक बाटली उचलून त्यांनी माझ्या खोक्यात ठेवली. मग म्हणाले, "पण तिचं गुपित आहे ते. माझ्या तोंडून कसं फोडू?"

मी म्हटलं, मी लिहून विचारते. ते म्हणाले, नको, असलं लिहून विचारायचं नसतं.

त्यांनी तिकीट काढलंय. हे पत्र तुला मिळेल त्यानंतर चार-पाच दिवसांत ते पोचतील. तुमच्याकडे उतरणार नाहीत, स्टेशनजवळच्या लॉजमध्ये खोली सांगितली आहे. दादा कामावर असतो त्या वेळी, सकाळी, येऊन बेल वाजवतील. एकदाच वाजवतील. दार उघडायचं की नाही ते तू ठरव, नाही उघडलंस तरी ते समजून घेतील, तसं त्यांनी मला दोनदा बजावून सांगितलंय.

उघडलंस तर ढब्बूला भेटायचं ते आपणहून म्हणणार नाहीत. माफी वगैरे मागायला त्यांना येईल असं मला वाटत नाही. दादाला त्यांनी सांगायचं, तू सांगायचं, की कुणीच सांगायचं नाही, एवढं विचारतील. आयुष्यात त्यांनी कुणाला कधी काही विचारून केलेलं नाही. तुला विचारायला म्हणून ते इतक्या लांब येताहेत.